रस्ता कोणाचा?

बंगळुरूच्या निवासी गल्ल्यांत दोन दृश्ये नित्य दिसतात. कोणी आपली मोटार, क्वचित प्रवासी कॅरव्हॅनही, शेजाऱ्याच्या दारासमोर दिवसेंदिवस उभी ठेवतो. तर कोणी घरापुढे कुंड्या व दगड मांडून सार्वजनिक रस्ताच अडवून ठेवतो. दोघे एकमेकांस दोष देतात. परंतु जे सर्वांचे त्यास दोघेही ‘माझे’ म्हणतात.

इतरांस धोका, अडथळा वा अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ मनाई करते. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या बंगळुरूच्या पार्किंग धोरणात निवासी रस्त्यांसाठी वार्षिक १,००० ते ५,००० रुपयांचे परवाना शुल्क सुचविले आहे. ज्याच्या घरी जागा नाही, त्याची सोय त्याने होईल. परंतु शुल्क भरले म्हणून शेजाऱ्याविषयीचे कर्तव्य फिटत नाही.

शुभवर्तमानात ‘शेजारी’ या अर्थी आलेला ‘प्लेसिऑन’ हा ग्रीक शब्द मुळात ‘जवळचा’ असे सांगतो. तेव्हा वाहन लावताना स्वतःस विचारावे : आज रात्री या घरातील रुग्णास न्यावयाचे झाले, तर रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकेल काय?