बोलण्यापुरता दम

चाळिशी उलटली की माणसाला काही ना काही खूळ लागते, असे आमच्या घरी म्हणतात. मला धावण्याचे लागले. येत्या जानेवारीत मुंबईला अर्धी मॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटर ९७.५ मीटर, पुरी करायची असा मी पण केला आहे. त्या अर्ध्या मीटरचाही हिशेब ज्याने ठेवला, तो पूर्वजन्मी शाळेतला कारकून असावा!

पहाटे मालवणच्या दांडीवरून निघावे, वायरी, तारकर्ली करीत देवबागच्या अंगाने जावे आणि उजाडल्यावर परतावे, असा माझा क्रम. एका जाणत्याने मला या विद्येचे नियम सांगितले. लांबचा पल्ला आठवड्यातून एकदाच. अंतर थोडे थोडे वाढवायचे. मधून पायांना विसावा द्यायचा. आणि लांब धावताना वेग असा ठेवायचा की, शेजारच्याशी सरळ बोलता यावे. हा शेवटचा नियम मला नेहमीच बावळट वाटे.

गेल्या महिन्यात एकदा १६ किलोमीटरचा पल्ला होता. किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. होडीतून जाळ्याचा मोठा वेढा टाकायचा आणि त्याचे दोन्ही दोर माणसांनी वाळूत पाय रोवून ओढायचे, ही इकडची जुनी रीत. एका दोराला माणसे कमी होती. नेहमीची थट्टा कानावर आली, "मास्तरांनू, पाठीक कुत्रो लागलो काय?" आणि पाठोपाठ, निराळ्या सुरात, "जरा हात लावा, मगे धावा!"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, हात हलवला आणि पुढे गेलो. उत्तर द्यायला दमही नव्हता.

परतलो तेव्हा जाळे वर आले होते. कोणी काही बोलले नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा दप्तर वाळूत टाकून दोराला लागला होता. त्या दिवशी तो शाळेत उशिरा आला. उशिरा येणाऱ्याला मी कारण विचारतो. त्याला विचारवले नाही.

मग मनाशी वाद सुरू झाला. पोटासाठी घाम गाळणाऱ्यांसमोर हौसेचा घाम गाळणे हेच पाप का? तसे म्हणवत नाही. हीच रापणीची माणसे नारळी पौर्णिमेला नारळ लढवतात, ते काय पोटासाठी? पुण्याला डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकरी अनवाणी धावत. १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. हौस ही काही रिकामटेकड्यांची मिरास नव्हे.

मग दोष नियमाचा? पण नियम नसता तर मी पहाटे उठलोच नसतो. प्रत्येक हाकेला थांबणाऱ्याच्या हातून कोणतेच व्रत पुरे होत नाही. कादंबरी लिहिताना मीही दार लावून घेतोच, आणि बाहेर कोणीतरी खोळंबतेच.

विचार करता करता तो बावळट नियम आठवला. त्या दिवशी मी माझ्या कुवतीपेक्षा जोरात धावत होतो. हाकेला नकार देण्याचा हक्क मला होता. पण मी नकारही दिला नव्हता. दोन शब्द बोलण्याइतका श्वास मी स्वतःजवळ ठेवला नव्हता. व्रत घेणाऱ्याने कधी थांबावे, हे मला अजून नीट कळलेले नाही. पण ज्याला थांबून 'आज नाही जमत' एवढेही म्हणता येत नाही, त्याने व्रत धरलेले नसते, व्रतानेच त्याला धरलेले असते.

परवा पुन्हा दोराला माणसे कमी दिसली. या वेळी हाक आली नाही, मीच थांबलो. हातांची सालटी निघाली, आणि पल्ला ३ किलोमीटरांनी तोकडा पडला. वहीत मी १३ असाच आकडा लिहिला. तो मुलगा शेजारीच ओढत होता. म्हणाला, "गुरुजी, आज शाळेक उशीर झालो तर?"

"दोघांकय होतलो," मी म्हणालो. तेवढा दम मात्र त्या दिवशी शिल्लक होता.