दुसऱ्यांची मुले

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला, 'चार दिवसांनी हा मोडायचाच, मग एवढा खटाटोप कशाला?' असे कोणी विचारीत नाही. लोहगडवाडीच्या मुलांना तर मान वर केली की खरा लोहगडच दिसतो. दगडाचा किल्ला टिकला. त्याचा हेवा वाटावा अशी एक संस्था याच मावळात होऊन गेली.

वाडीतून उतरून मळवलीला लोकल धरली की चौथे स्टेशन तळेगाव. तेथे प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकरांचे समर्थ विद्यालय होते. १९०६ मध्ये कोल्हापुरात निघालेली ही शाळा पुढे तळेगावास आली. शिक्षण मातृभाषेतून, जोडीला धर्मशिक्षण, व्यायाम आणि हातांना उद्योग; आणि सरकारच्या मदतीशी संबंध नाही. १९०८ साली बार्शीच्या भाषणात टिळकांनी राष्ट्रीय शिक्षणाचे हेच मर्म सांगितले. त्याच सुमारास तळेगावात पैसाफंडाचा काचकारखाना निघाला. घरोघरचा एकेक पैसा गोळा करून भट्टी पेटते, हे पाहणे हाही एक धडाच होता म्हणा ना!

१९१० साली सरकारने विद्यालय बंद पाडले. खुद्द विजापूरकर त्यापूर्वीच, 'विश्ववृत्त' मासिकातील एका लेखापायी, राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले होते.

इथवर सारे आपण अभिमानाने सांगतो. मला मात्र त्या मुलांच्या आयांची आठवण होते. मॅट्रिकच्या दाखल्यावाचून कचेरीतली कारकुनीही मिळायची नाही, असा तो काळ. तत्त्व चालकांचे आणि वर्षे मुलांची! स्वतःची नोकरी पणाला लावणे निराळे. दुसऱ्याच्या नऊ वर्षांच्या पोराचे बालपण पणाला लावण्याचा अधिकार कोणाला?

हा प्रश्न मी पुष्कळ दिवस विजापूरकरांच्या विरुद्ध वापरीत असे. मग ध्यानात आले की, सरकारमान्य शाळाही हाच जुगार खेळत होती. तिने हजारो मुलांना परक्या भाषेत घोकायला लावले, कित्येकांना नापास करून घरी पाठविले. परंतु तिला कोणी जाब विचारला नाही, कारण त्या वाटेने सगळेच जात होते. गर्दीत झालेले नुकसान आपल्याला नुकसान वाटतच नाही.

तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. लहान खाजगी शाळा काढणाऱ्याने पालकाला उद्याचा धोका आधी सांगितला पाहिजे, आणि त्या धोक्यात स्वतः पुढे उभे राहिले पाहिजे. दुसरी अट तरी विजापूरकरांनी पुरी केली : मुलांची शाळा सुटण्याआधी गुरुजींच्या हातात बेडी पडली होती. पहिलीविषयी एवढेच म्हणता येईल, की ज्या शाळेच्या नावातच समर्थ रामदास आणि जिच्या दारावर सरकारची नजर, तिथे मूल घालणारा बाप अगदीच अजाण नसावा. आईला कोणी विचारले होते की नाही, हे मात्र कोण सांगणार?

पुढे त्याच तळेगावात नवीन समर्थ विद्यालय उभे राहिले. म्हणजे एकदा हात पोळूनही आपली मुले हवाली करणारी माणसे गावाला पुन्हा भेटली.