पाहणाऱ्याचा वाटा

स्वतः हात न उगारता, एकाने दुसऱ्यास मारलेले जो आवडीने पाहतो, त्याजकडे त्या कृत्याचा काही दोष येतो काय? हा प्रश्न आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी २०२५ साली उभा राहिला, म्हणून त्याचा विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

त्या वर्षी २ फेब्रुवारी रोजी अहिल्यानगर येथील वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्त्या झाल्या. पृथ्वीराज मोहोळ याने शिवराज राक्षे यास चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे याचे म्हणणे. वाद वाढून त्याने पंचास लाथ मारली. पुढे अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड हाही पंचांवर रागावून आखाडा सोडून गेला. मोहोळ विजयी ठरला, व त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. ज्यांनी कुस्ती पाहिली नव्हती त्यांनीही ती लाथ पाहिली, आणि पुष्कळांनी हातातील फोनवर पुनःपुन्हा पाहिली. मोहोळाने डाव कोणता टाकला, असे विचारले तर उत्तर देणारा विरळाच! मल्लास शासन झाले. ज्यास ती लाथ गोड लागली, त्यास काय झाले?

गावच्या हगाम्यात असे नसते. तेथे रेवड्यांवर पोरांच्या कुस्त्या लागतात तेव्हापासून पाहणारा मातीच्या कडेस बसलेला असतो. इनाम त्याच्याच खिशातून जाते, आणि कोणाचे हाड मोडले तर उचलावयासही त्यालाच धावावे लागते. पडद्यापुढे बसलेला मनुष्य या सर्वांतून मोकळा असतो.

शिवाय कुस्तीत खांदे टेकविणे हा हेतू, इजा हा अपघात. मुष्टियुद्धाचे तसे नाही. तेथे प्रतिपक्षी शुद्ध हरपून पडला म्हणजे जय पुरा झाला. १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगास येथे रे मॅन्सिनी याजशी लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला व थोड्याच दिवसांत मरण पावला. अमेरिकेतील लोक ते घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहत होते. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने अजिंक्यपदाच्या लढतीच्या फेऱ्या पंधरावरून बारा केल्या. हे योग्यच झाले. परंतु पंधरा फेऱ्या कोणाच्या करमणुकीकरिता ठेविल्या होत्या?

ऑगस्टीनने आपल्या आत्मवृत्तात अलिपियस नामक मित्राची हकीकत लिहिली आहे. रोम शहरात सोबत्यांनी त्यास ओढून शस्त्रयुद्धाच्या खेळास नेले. त्याने डोळे घट्ट मिटले. कान मात्र उघडे राहिले. लोकांची आरोळी ऐकून त्याने डोळे उघडले, आणि तेथून परतला तो पुन्हा येण्याची ओढ घेऊनच. त्याने कोणास जखम केली नव्हती. जखम झाली ती त्याची त्यालाच.

कोणी म्हणेल, मल्ल खुषीने उतरतो, आणि आपण पाहणे सोडले तर त्याची भाकर जाईल. हे म्हणणे हलके नव्हे, आणि कुस्ती पाहूच नये असे आमचे मतही नाही. चांगल्या डावास शाबासकी द्यावी, ऐपतीप्रमाणे इनामही द्यावे. त्यावर मल्ल पोसला जातो. परंतु लाथेचे ते चित्र दहा वेळा पाहिल्याने कोणा मल्लाच्या खुराकात शेरभर दुधाची भर पडली असेल, असे आम्हांस वाटत नाही.