विस्तव, गुडघा आणि दोरी

आमचा बा बुरूड. सुपं, टोपल्या विणायचा. बांबू वाकडा निघाला तर निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा. जाळावर नाही, जाळानं बांबू वरून करपतो नि आत तसाच राहतो. फिरवत फिरवत शेकायचा, गुडघा देऊन दाबायचा, गार होईस्तोवर सोडायचा नाही. अशा सरळ काठ्या गावात जायच्या. कुणाच्या पाठीत बसायच्या ते सांगायला नको.

पुढं सातपुड्यात, अक्राणीकडं, एका भिल्ल म्हाताऱ्याला कामठा करताना बघितलं. तेच निखारे, तोच गुडघा. फक्त हा वाकवत होता. आणि त्याच शेकावर बाणाची काडी सरळ करत होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. बाक हा बांबूचा स्वभाव म्हणायचा का? आपल्याबद्दल हेच बोलत आले ना, हे लोक जन्माचेच वाकडे. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, बोलणं राहिलं.

लाकडाचं विज्ञान वेगळंच सांगतं. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या द्रव्यानं चिकटलेले असतात. ते शेकानं मऊ पडतं आणि गार होताना जसं धरलं तसं आवळतं. म्हणजे बाक विस्तव ठरवत नाही, धरणारा ठरवतो. पुन्हा शेकलं तर बराचसा निघतोही. १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेलेली माणसं याच विस्तवातली होती.

इथवर सोपं आहे. पण त्या कामठ्याची दोरीही बांबूच्याच सालीची होती. कामठ्याला वाकवून धरतो कोण, तर त्याचाच भाऊ. मी चावडीपुढून ताठ मानेनं गेलो तेव्हा पहिली थप्पड पाटलानं नाही, बानं मारली. "मान खाली घाल रं, जगायचं हाय ना?" त्याला माफ केलं का, अजून ठरत नाही. त्यानं मला वाचवलं, आणि गार होईस्तोवर दाबूनही त्यानंच धरलं. आम्ही तरी काय केलं? पंक्तीला आम्ही बुरुडांनी कुणाकुणाला लांब बसवलं ते आठवायला गेलं, की गुडघा आमचाही दिसतो.

म्हातारा रोज संध्याकाळी कामठ्याची दोरी उतरवून ठेवायचा. रात्रभर ताणलेला राहिला तर त्यातला जोर जातो, म्हणाला.