जप्तीचा माल

23 मे 1861 च्या रात्री व्हर्जिनियात तीन गुलाम होडीने पाणी ओलांडून फोर्ट मन्रो या किल्ल्याशी आले: फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सैन्यातल्या कर्नल चार्ल्स मॅलरीच्या ताब्यातली ही माणसे. त्यांना पलीकडच्या काठावर तोफांचा मोर्चा उभारायला जुंपले होते. अमेरिकेतून फुटून निघण्याच्या निर्णयावर व्हर्जिनियाच्या मतदारांनी त्याच दिवशी शिक्कामोर्तब केले होते. किल्ला मात्र अजून संघसरकारकडेच होता.

पांढरे निशाण घेऊन कर्नलच्या वतीने एक अधिकारी आला. पळालेले गुलाम मालकाला परत देणे 1850 च्या कायद्याने बंधनकारक होते, त्याने त्याचीच आठवण करून दिली. किल्ल्यावरचा जनरल बेंजामिन बटलर मूळचा वकील. व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असेल, तर अमेरिकेचा कायदा तिने कोणत्या तोंडाने मागावा, असा त्याचा सवाल होता. शिवाय शत्रू जी मालमत्ता युद्धासाठी वापरतो, ती जप्त करता येते. ही माणसे मोर्चे बांधत होती, म्हणून तीही ‘कॉन्ट्राबँड’, म्हणजे युद्धात जप्त केलेला माल. कर्नलने संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली, तर ती परत मिळतील, असेही बटलरने सांगितले.

या युक्तिवादाकडे मी अनेकदा परत जातो आणि दर वेळी अस्वस्थ होतो. माणसे वाचली, पण ती मालमत्ता आहेत हे मान्य करूनच वाचली. दक्षिणेचे मूळ गृहीतक बटलरने जसेच्या तसे उचलले आणि तिच्यावरच उलटवले. अमेरिकेच्या इंग्रजी वसाहतीत आणलेले पहिले आफ्रिकी लोक 1619 मध्ये ज्या पॉइंट कम्फर्टवर उतरवले गेले, तिथेच हा किल्ला उभा आहे. 242 वर्षांनंतर त्याच जागी सुटकेची फट उघडली, आणि तीही मालाच्या नावावर.

मात्र बटलरला गुलामांचा मुक्तिदाता म्हणायला मी तयार नाही. प्रश्न त्याच्या दारात आणून ठेवला तो त्या तिघांनी. परत पाठवले असते, तर फटके किंवा दूर दक्षिणेत विक्री अटळ होती, आणि दार उघडेल याची कोणतीही हमी नसताना ते आले. बातमी वस्त्यावस्त्यांतून पसरली आणि जुलैअखेर किल्ल्याच्या आश्रयाला सुमारे 900 माणसे जमली. त्यांत बायका होत्या, म्हातारे होते, कडेवरची मुले होती. तिथे ‘कॉन्ट्राबँड’ हा शब्द तोकडा पडला. तान्हे मूल कोणत्या तोफेच्या कामी येते? 30 जुलैला बटलरने युद्धमंत्र्यांना पत्र लिहून सरळ विचारले: ही माणसे गुलाम आहेत की स्वतंत्र?

वॉशिंग्टनकडे तेव्हा सरळ उत्तर नव्हते. ऑगस्ट 1861 मध्ये जप्तीचा पहिला कायदा झाला. मार्च 1862 मध्ये पळून आलेल्यांना परत करायला सैन्याला बंदी झाली. जुलैत जप्तीचा दुसरा कायदा आला, आणि 1 जानेवारी 1863 ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा. सगळ्या तारखा इतिहासाच्या पुस्तकांत सरकारच्या नावावर आहेत. पण प्रत्येक तारखेच्या आधी नदी, दलदल, पहारे ओलांडून छावण्यांत पोचलेली हजारो माणसे आहेत. कायदा त्यांच्या मागून चालत आला. छावण्यांत सुख नव्हते. मजुरी रखडे, तिच्यातून कपात होई, रोगराईने माणसे मरत. तरी लोक येत राहिले.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी औदार्य आणि स्वार्थत्याग दाखवला. ती कृतज्ञता खरी होती आणि तिचे राजकारणही मोलाचे होते: पुण्यात बसून जोतीराव तिथला धडा इथल्या समाजापुढे ठेवत होते. मला त्या अर्पणपत्रिकेशेजारी होडीतल्या तिघांचीही नावे हवीत. आपल्या दास्याची जाणीव झालेला माणूस स्वतः उठतो, ही गोष्ट जोतीरावांना कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

माणसाला जप्तीचा माल समजण्याची ही वृत्ती पुढे सैन्याच्या पगारपत्रकातही उतरली. काळ्या सैनिकांना महिना 10 डॉलर ठरले, त्यांतले 3 कपड्यांसाठी कापायचे. गोऱ्या शिपायाला 13 डॉलर आणि कपडे वेगळे. 10 डॉलरचा तो दर 1862 च्या कायद्याने काळ्या मजुरांसाठी बांधला होता, आणि लढणाऱ्यालाही तोच लावला. काळ्या सैनिकांच्या मॅसॅच्युसेट्स 54 व्या पलटणीने तो पगार घेतलाच नाही. फरकाची रक्कम आम्ही भरतो, असे त्यांच्या राज्याने सांगितले, तर त्यालाही नकार दिला. वॅगनर किल्ल्यावरच्या हल्ल्यात माणसे गमावलेली ही पलटण सुमारे दीड वर्ष बिनपगारी राहिली आणि घरी बायकामुलांनी उपासमार सोसली.

जून 1864 मध्ये काँग्रेसने समान पगार मान्य केला, पण मागची पूर्ण थकबाकी 19 एप्रिल 1861 रोजी जे स्वतंत्र होते त्यांनाच. पलटणीत पूर्वी गुलाम असलेलेही होते. त्यांना खोटी शपथ घ्यायला लावायची, की पगार बुडवायचा? पलटणीच्या कर्नल एडवर्ड हॅलोवेलने शपथेचा मसुदाच वेगळा केला. शिपायाने एवढेच सांगायचे: त्या दिवशी किंवा त्यापूर्वी माझ्याकडून बिनमोबदल्याचे श्रम घेण्याचा हक्क कोणाही माणसाला नव्हता.

बटलरने मालकी मान्य करून माणसे सोडवली होती. तीन वर्षांनी, पगाराच्या रांगेत, मालकी कधी नव्हतीच असे शपथेवर सांगितले गेले, आणि जे गुलामीत जन्मले होते त्यांनीही ती शपथ खऱ्या मनाने घेतली.