गाण्याचा कर्ता कोण?

चिक चॉकलेट या नावाने ओळखले गेलेले आंतोनियो शावियेर वाझ (1916–1967) हे मूळचे गोव्यातील हळदोण्याचे. ट्रंपेटवादक, मुंबईतील जॅझ वाद्यवृंदाचे प्रमुख आणि हिंदी चित्रपटसंगीतातील अरेंजर अशी त्यांची कारकीर्द. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांमधून स्वरलेखन शिकवले जाई, त्यामुळे गोवेकर वादक कागदावरचे संगीत सहज वाचत. 1935 मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आला आणि मुंबईत जॅझ रुजले. लुई आर्मस्ट्राँग यांच्या धर्तीवर वाजवणारे वाझ पुढे ‘भारताचे आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजले.

सी. रामचंद्र यांच्याबरोबर त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (1951) तर ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी; तिच्याभोवतीची स्वरसंगती, मधले तुकडे, कोणते वाद्य कुठे उचलायचे हे अरेंजर लिहून काढी. पण नाव संगीतकाराचे. अरेंजर फार तर ‘साहाय्यक’, वादक बहुधा निनावीच.

मग गाण्याचा कर्ता कोण? ख्यालात बंदिश जुनीच असते, पण बढत गायकाची. जॅझमध्येही धून ठरलेली आणि विस्तार वाजवणाऱ्याचा. तिथे कोणी गायकाला बंदिशकाराचा साहाय्यक म्हणत नाही. चित्रपटगीताच्या बाबतीत मात्र आपण एकाच नावावर थांबतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना चेष्टा आणि दैव. हे पाचही असताना केवळ स्वतःला कर्ता मानणाऱ्याला खरे दिसत नाही, असा तिथला निर्वाळा आहे. ज्ञानेश्वरांनीही या पाच कारणांचे विस्ताराने विवरण केले आहे. ध्वनिमुद्रणाच्या दालनात हा विचार चपखल बसतो. चाल, लेखणी, श्वास, तारा आणि त्या दिवशी जमून आलेला योग यांतले एक जरी वगळले तरी ते गाणे उभे राहत नाही.

यावर निष्काम कर्माचा दाखला देऊन कोणी म्हणेल, कलावंताने नावाची आस का धरावी? हा युक्तिवाद टिकत नाही. कर्तेपण सोडणे ही ज्याची त्याने करायची साधना आहे. दुसऱ्याचे नाव पुसणाऱ्याला त्या साधनेचा आधार घेता येत नाही. उलट पाच कारणांचा सिद्धांत सर्वाधिक लागू पडतो तो ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते त्याला, कारण अहंकार सोडायचा आहे तो त्यानेच.

वाझ यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून थोडेच चित्रपट मिळाले. ‘नादान’ (1951) हा त्यांतला एक. तलत महमूद यांनी त्यात गायलेले गीत आजही ऐकले जाते. ऐकणाऱ्यांनी त्याच्या संगीतकाराचे नावही लक्षात ठेवावे.