दुरुस्ती नसलेलं झाड

आज काही विकत घ्यायचं नाही. खड्डा खणायचा नाही, नर्सरीला फोनही करायचा नाही. नुसतं बसायचं. भोरला असाल तर नीरेकाठच्या घाटाच्या पायरीवर बसा, वेल्ह्यात असाल तर तोरणा समोर दिसेल अशा ओट्यावर. श्वास मोजायची गरज नाही, तो आपला चालू राहील. तासाभरासाठी एकच झाड मनात धरायचं आहे. तुमच्या परसात ते लागायला अजून अवकाश आहे, पण लावण्याचं निम्मं काम या बसण्यात उरकतं.

झाड आहे भेरली माड. केळदच्या पुढे मढे घाटाकडे गेलात, किंवा वरंध्याच्या बाजूला कोकणात उतरणाऱ्या घळींकडे नीट पाहिलंत, तर हिरव्या गर्दीतून एखादं सरळ, राखाडी, कंकणांच्या खुणा असलेलं खोड वर आलेलं दिसेल. माथ्यावरून खाली ओथंबलेली मोठमोठी पानं. पातं हातात घेऊन पाहिलं तर टोक असं, जणू कुणी दातांनी कुरतडून ठेवलंय. नारळ, सुपारी, शिंदी यांचं पान एकदाच विभागलेलं असतं, भेरलीचं दोनदा. साऱ्या पामकुळात ही गोष्ट फक्त तिच्या वंशाला जमलेली आहे. मनातल्या मनात त्या पानाखाली उभे राहा आणि वर पाहा. ऊन चाळून खाली येतंय. घाई करू नका.

मग पहिला प्रश्न येऊ द्या. हे झाड दुर्मीळ आहे का?

इथं थोडं रेंगाळायला हवं. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलं की फार्महाउसांच्या फाटकांपासून दारापर्यंत दोन रांगांत उभे असलेले फॉक्सटेल पाम दिसू लागतात. एकसारख्या उंचीचे, गुबगुबीत शेपट्यांचे, बहुतेक आंध्रातल्या कडियमसारख्या रोपवाटिकांच्या मुलखातून ट्रकने आलेले. हा पाम मुळात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य टोकाला, केप मेलव्हिलच्या ग्रॅनाइटच्या खडकांमध्ये, तेवढ्याच एका टापूत उगवणारा. वनस्पतिशास्त्रात त्याची नोंद झाली १९८३ साली. वोडयेटिया हे वंशनाम मिळालं तिथल्या वोडयेटी नावाच्या एका आदिवासी पुरुषावरून, ज्याला त्या रानाची जुनी माहिती होती. जगाला हे झाड आवडलं आणि पुढच्या दशकात त्या डोंगरातून बियांची चोरी सुरू झाली. आज तो पाम मायामीपासून मार्गासनीपर्यंत कुठंही मिळतो. त्याच्या डोंगराचा टापू मात्र तेवढाच राहिला आहे.

भेरलीचं उलटं. ती आपल्याच सह्याद्रीची, पश्चिम घाटापासून श्रीलंकेपर्यंतची. घळींत अजून आहे. अंगणात मात्र शोधावी लागते. दुर्मीळ झाड हवं म्हणून हजारो मैलांवरचं आणायचं आणि डोंगरापलीकडचं ओळखायचंही नाही, हा आपला शौक मला थोडा गमतीचा वाटतो. पण राग धरायला नको. फॉक्सटेल बिचारा सुरेखच आहे.

आता दुसरा प्रश्न, जरा अवघड. ती मिळवायची कशी?

मन लगेच घळीत जाईल. एखादं गुडघ्याएवढं रोप दिसेल, कुदळ दिसेल, ओलं पोतं दिसेल. त्या चित्राला येऊ द्या, पण कुदळ मारू नका. राखीव वनातून रोप काढणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहेच. देवराईचा कायदा त्याहून जुना आणि कडक. तिथली वाळकी फांदीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया पाहिल्या, तेव्हा आजूबाजूचं रान गेलं तरी जुनी झाडं तेवढ्या तुकड्यांत टिकून असल्याचं त्यांनी लिहून ठेवलं. देवाच्या भीतीनं टिकलेलं झाड आपल्या हौसेसाठी हलवायचं, हे काही बरं दिसत नाही.

पण कायदा आणि देव दोन्ही क्षणभर बाजूला ठेवा आणि झाडाकडेच पाहा. घळीत, सावलीत, दगडांच्या सांदीत मुळं गेलेलं रोप उपटलं की ते बहुधा मरतं. भेरलीला मुळांची छेडछाड सोसत नाही. म्हणजे चोरी करूनही हाती काही येत नाही.

राहिली बी. कुणाच्या वाडीत, जुन्या बागेत, शाळेच्या आवारात फळलेलं झाड असेल तर परवानगी काढून पडलेली फळं गोळा करता येतात. हातमोजे घालूनच. गराच्या आत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात आणि त्या कातडीत शिरल्या की आग आणि खाज दोन्ही सुरू होतात. उदमांजराला त्याचं काही वाटत नाही. ते रात्री फळं खातं, गर पचवतं आणि कातळावर विष्ठेत स्वच्छ बिया ठेवून जातं. ज्याला सुया सोसतात त्यानं वाहतूक करावी, अशी ती व्यवस्था.

नर्सरीतून रोप घेणार असाल तर एक गोष्ट विचारून घ्या. फिशटेल पाम म्हणून मिळतो तो पुष्कळदा आग्नेय आशियातला, बुंध्यातून फुटवे येऊन बेट करणारा. त्याचं एक खोड फुलून संपलं तरी शेजारची चालू राहतात. आपल्या भेरलीचं खोड एकच. पुढचं सगळं मनन त्या एका खोडाचं आहे.

आता बी मातीत आहे असं धरा. कुंडी खोल, माती भुसभुशीत, वर पालापाचोळा. रोज थोडं पाणी. एक महिना काही नाही. दुसरा महिनाही नाही. मधे कधीतरी बोटानं माती उकरून पाहावंसं वाटेल. ती इच्छा नीट पाहा, कारण या झाडाशी तुमचं पहिलं भांडण तेच आहे. बी आतल्या आत एक नळी खाली सोडत असते. कोंब बी पडली तिथून न फुटता थोडा खालून, बाजूनं वर येतो. उकरणारं बोट नेमकं तीच नळी मोडतं.

कोंब आला, दोन पानं झाली, चार झाली. मग वर्षानुवर्षं रोप उंच होत नाही. पानं मोठी होतात, खोड दिसत नाही. इथंच बहुतेक माणसं कंटाळतात, युरिया घालतात, शिव्या घालतात. पण आत काय चाललंय ते डोळ्यांपुढे आणा. आंबा, वड, साग यांना सालीखाली एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी खोडाला जाडी देतो. पामला तो थर नाही. एकदा वर निघाल्यावर त्याला रुंद होता येत नाही. म्हणून पुढे वीस-बावीस हात उंच जाणाऱ्या खोडाची सगळी रुंदी त्याला आधी, जमिनीलगत, कुणाला न दिसता जमवावी लागते. जमवाजमव पुरी झाली की मगच तो निघतो.

यावर थोडा वेळ थांबा. माझ्या मते या झाडाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच. याच कारणानं पामच्या खोडावरची जखम कधी भरून येत नाही. आंब्याला कुऱ्हाडीचा घाव बसला तर काही वर्षांत कडा एकत्र येतात. भेरलीला ठोकलेला खिळा, करकचून बांधलेली झोपाळ्याची दोरी, फार्महाउसच्या दिव्यांच्या माळेची तार, सगळं कायमचं. शेंड्याला कोंब एकच. तो मेला की झाड मेलं, फांदी फुटून सावरणं नाही. आणि तरीही हे खोड आतून जिवंत असतं. पी. बी. टॉमलिन्सन हे वनस्पतिशास्त्रज्ञ आयुष्यभर पामची खोडं उघडून पाहत राहिले. बुंध्याजवळच्या पेशी झाडाच्याच वयाच्या असतात, त्या बदलल्या जात नाहीत, हे त्यांच्या कामातून दिसतं. मनातल्या त्या राखाडी खोडावर, अगदी खाली, तळहात टेकवा. त्या जागची पेशी झाड रोप होतं तेव्हाची आहे आणि ती अजून काम करतेय.

दुरुस्तीची सोय नसलेल्या जिवाला हात लावायचा तर हात हळू पडतो. लावणीकडे आता असं पाहा.

कुंडीतलं रोप कमरेपर्यंत येण्याआधीच जमिनीत गेलेलं बरं. मोठं झाड जेसीबीनं उचलून आणायचा मोह होतो, पण पामची मुळं जातीजातीनं वेगळी वागतात. फ्लोरिडातल्या ब्रोशॅट आणि डॉन्सलमन यांनी १९८० च्या दशकात तोडलेली मुळं मोजून पाहिली. नारळाची निम्मी मुळं पुन्हा फुटली, सबाल जातीच्या पामची जवळजवळ एकही नाही. त्याला बुंध्यापासून सगळी नवी मुळं काढावी लागली. भेरलीवर हा जुगार खेळू नये.

७ जूनच्या आसपास मृग लागतो. तापलेल्या जमिनीत दोन-चार सरी मुरल्या आहेत, आभाळ भरलेलं आहे, वारा फार नाही, असा दिवस मनात आणा. पामची मुळं गरम मातीत जोमानं वाढतात, म्हणून हिवाळ्यातली लावणी आपल्याकडे वाया. आषाढात वेल्ह्याच्या पश्चिमेला खड्ड्यात पाणीच पाणी होतं, म्हणून तेव्हाही नको. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद असावा, पण कुंडीइतकाच खोल. मुरमाड जमीन चालते, पाणी साचणारी नाही. कुंडी आडवी करून मातीचा गोळा अख्खा सरकवायचा, मुळं मोकळी करायला जायचं नाही. बुंधा कुंडीत जेवढा उघडा होता तेवढाच राहू द्या. जरा खोल पुरला की झाड घट्ट बसेल असं आपल्याला वाटतं. पण खाली गाडलेली मुळं गुदमरतात आणि झाड लगेच न मरता दोन-तीन वर्षं कुढत राहतं. मग लोक रोग शोधत बसतात.

आणि जागा? जागा ठरवताना एक विचित्र प्रश्न विचारा: हे झाड मेल्यावर कुठं पडेल?

भेरली एकदाच फुलते. दहा-पंधरा वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, शेंड्याजवळ पहिली लांबच लांब लोंबती झुपकी येते. मग त्याखालच्या पेऱ्याला दुसरी, मग तिसरी. वर चढून झाल्यावर झाड फुलत फुलत खाली उतरतं. काही वर्षं हे चालतं, मधमाश्या शेंड्याशी गुणगुणत राहतात. शेवटची झुपकी फळली की झाड वाळतं. म्हणून पत्र्याचं छप्पर, विहीर, विजेची तार आणि शेजाऱ्याचा गोठा यांच्यापासून लांब, आणि सुरुवातीची काही वर्षं दुपारची सावली मिळेल अशी जागा हवी. आंब्याची पूर्वेची बाजू चांगली. आंबा पुढे मोठा होईल आणि भेरली त्याच्या वरून निघून जाईल.

पहिल्या उन्हाळ्याकडे या. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत ओल टिकवायची, आच्छादन घालायचं. खालची पानं पिवळी पडतील. ती कापू नका. झाडाला पालाश कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. पिवळं पान कापलं तर झाड वरच्या पानातून काढू लागतं. पूर्ण वाळून लोंबलं की मग उतरवा, खोडाला कोयता न लावता. ओल्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो आणि तिथं अंडी घालतो. गेंड्या भुंगा शेणखताच्या ढिगात वाढतो, म्हणून उकिरडा झाडापासून दूर ठेवा. कोंबात एखादं भोक, चघळलेला भुसा दिसतो का, एवढं आठवड्यातून एकदा पाहिलं तरी पुरे.

आता त्या फुलणाऱ्या शेवटाकडे एकदा पाहून घ्या. तेव्हा तुमचं वय काय असेल ते मनात मोजा. श्रीलंकेत याच झुपकीला चीर देऊन रस उतरवतात आणि आटवून काकवी करतात. केरळात पानं हत्तींना घालतात. आपल्याकडे कोकणात माडी काढतात. घरच्या झाडाला चीर द्यायची की मधमाश्यांसाठी सोडायचं, हा निर्णय आज घ्यायची गरज नाही. घरात लहान मुलं असतील तर मात्र फळं लाल व्हायच्या आत खालचे घोस उतरवून घ्यावेत, हातमोजे घालून, डोळे सांभाळून. वरचे उदमांजरासाठी राहू द्या. दोन-चार बिया धुऊन खोल कुंडीत टाका, म्हणजे पहिलं झाड वाळेपर्यंत दुसऱ्याची रुंदी जमायला लागलेली असेल.